दोघांचं खरं धरायचं

माझा स्वभाव संशयी आहे. गॅस बंद केला का ते मी दोनदा पाहते, लावलेलं कुलूप ओढून बघते, आणि कुणी "झालं" म्हटलं की माझ्या तोंडून "कसं झालं?" निघतंच. आई म्हणते, असल्या बाईला नवरा मिळाला हेच नवल. पण पोटापाण्याला जे काम मिळालं त्याला नेमका हाच स्वभाव लागतो. वैनगंगेवर, सावली तालुक्याच्या धानपट्ट्यात, एक बंधारा आहे. त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या कंट्रोल रूममध्ये मी इंजिनिअर आहे. नदीचं पाणी मोजणारी आणि त्याप्रमाणे आपोआप गेट उचलणारी जी यंत्रणा आहे, ती धड चालते की नाही हे बघणं माझं काम.

ही यंत्रणाही संशयीच आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून आमचं जमलं. एका कपाटात तीन प्रोसेसर शेजारीशेजारी बसवलेले आहेत. तिघांना काम एकच. प्रत्येकाला पाणी मोजायला स्वतःचा सेन्सर, स्वतःची केबल, स्वतःचा वीजपुरवठा. प्रत्येक जण आपापला हिशेब करतो आणि मग तिघांची उत्तरं ताडून पाहिली जातात. एखाद्याचं उत्तर वेगळं आलं तर दोघांचं खरं धरायचं आणि त्या एकट्याला बाजूला बसवायचं. त्याचा हिरवा दिवा पिवळा होतो, काम मात्र अडत नाही. वीज कोसळो, उंदीर केबल कुरतडो, उन्हाळ्यात कपाट तापो, एकाच वेळी दोघं जण एकसारखेच चुकतील असं सहसा होत नाही. सगळा डोलारा या एका भरवशावर उभा आहे.

सेन्सर म्हणजे केबलला टांगलेली बोटभर स्टीलची कांडी. आपल्या डोक्यावर किती पाणी आहे ते ती वजनावरून ओळखते. प्रवाहात हेलकावे खाऊ नये म्हणून तिला बंधाऱ्याच्या खांबाला जोडलेल्या उभ्या लोखंडी पाइपात सोडतात. तीन सेन्सर, तीन पाइप.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिसरा पाइप गाळानं बुजला. त्यातला सेन्सर काहीबाही आकडे द्यायला लागला आणि तिसरा दिवा पिवळा झाला तो झालाच. पाइप साफ करायला पाणबुडे लागतात, पाणबुड्यांना मंजुरी लागते, आणि मंजुरी कुठल्यातरी टेबलावर झोपलेली असते. आमच्या साहेबांना मात्र पिवळा रंग डोळ्यांसमोर नको होता. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, त्याआधी वरचे लोक पाहणीला येतात, तेव्हा तिन्ही दिवे हिरवे पाहिजेत असं त्यांनी मीटिंगमध्ये दोन-तीनदा सांगितलं. मग मी भावाच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि परत आले तेव्हा तिन्ही दिवे हिरवे होते. आमच्या टेक्निशियनला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, पाइप मोकळा केला. पाणबुडे न येता कसा मोकळा केला, असं मी पुढे विचारलं, तर तो हसला आणि चहा घ्यायला गेला. पाहणी झाली, साहेब खूष झाले, आणि प्रकरण तिथंच राहिलं.

जत्रेच्या दिवशी ड्यूटीवर मी एकटीच होते. आमच्या भागात त्या दिवशी कुणी घरी राहत नाही. टेक्निशियन बायकापोरांना घेऊन जत्रेत, ऑपरेटर जत्रेत, साहेब नागपूरला. फाटकावर चौकीदारभाऊ तेवढे होते, आणि त्यांचंही सगळं घर पहाटेच मार्कंड्याला गेलेलं होतं.

माझी आईसुद्धा गेली होती. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, देव्हारा नाही, आणि वडील असेपर्यंत जत्रेचं नाव कुणी काढत नसे. पण आईच्या शेजारच्या मैत्रिणीचे गुडघे गेलेत. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहायला तिला कुणाचा तरी हात लागतो. म्हणून दर वर्षी आई तिच्यासोबत जाते, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते आणि तिची डुबकी होईपर्यंत तिला धरून ठेवते. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "देव तिचा, हात माहा."

मार्कंडा आमच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. आम्ही गेट उचललं की पाणी अर्ध्यापाऊण तासात घाटाला लागतं. माघ महिन्यात पात्र निम्मं वाळूनं भरलेलं असतं. वाळूवर दुकानं, पाळणे, चुली, झोपलेली लेकरं, आणि पाण्यात हजारो माणसं. म्हणून त्या दिवशी एक थेंबही खाली सोडायचा नाही असा दंडक आहे.

सकाळचे दहा वाजून गेले असतील. मी डबा उघडत होते तेवढ्यात पहिल्या प्रोसेसरचा दिवा पिवळा झाला. आधी मला काही वाटलं नाही, एखादा बिघडतो. स्क्रीनजवळ गेले आणि पाहिलं तर पहिल्याचा आकडा सकाळपासून होता तिथंच होता. दुसरा आणि तिसरा म्हणत होते की पाणी चढतंय. उन्हाळ्यासाठी साठा तोंडापर्यंत भरलेला होता, वर फारशी जागा नव्हती. मी बघता बघता दोघांनी धोक्याची रेघ ओलांडली, आणि दोघांचं खरं धरून यंत्रणेनं आपलं काम सुरू केलं. बाहेर भोंगा वाजायला लागला.

भोंग्याची रीत अशी की तो आमच्याकडे वाजला की खालच्या सगळ्या घाटांवरच्या खांबांवरही वाजतो. पाव तास वाजतो, म्हणजे लोकांना पाण्यातून निघायला वेळ मिळावा. पाव तासानं गेट आपोआप उचलली जातात. स्क्रीनवर उलटे आकडे पडायला लागले.

वरच्या मोठ्या धरणानं पाणी सोडलं असेल तर हे सगळं खरं होतं. ते सोडताना कळवतात. क्वचित कळवायचं राहूनही जातं. मी त्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली, सुट्टीचा दिवस, कुणी उचलला नाही. मग साहेबांना लावला. ते शांतपणे म्हणाले की काळजी करू नका, यंत्रणा त्यासाठीच बसवली आहे. मी म्हटलं, खाली जत्रा आहे. ते म्हणाले, भोंगा वाजतोय ना? मी म्हटलं, पहिला प्रोसेसर वेगळं सांगतोय. त्यावर त्यांनी मला माझंच शिकवलेलं ऐकवलं.

"मॅडम, दोघांचं खरं धरायचं, हे तुम्हीच ट्रेनिंगला सांगता ना? यंत्रानं गेट उघडलं तर कुणी कुणाला विचारणार नाही. तुम्ही हात घातलात तर सगळं तुमच्यावर येईल."

गेट थांबवायला कपाटाच्या बाजूला एक चावी आहे. ती फिरवली की यंत्रणा बाजूला होते आणि सगळा कारभार माणसाच्या हाती येतो. फिरवायला ती सोपी आहे. पण पाणी खरंच येत असेल आणि मी गेट दाबून धरली, तर ते गेटवरून उसळणार. तेवढा भार सोसायला ती बनवलेली नाहीत. एखादं जरी वाकलं तर मग थोडंथोडं सोडायची सोय राहत नाही, सगळा साठा एकदम खाली जातो. म्हणजे दोघं खरे असताना मी चावी फिरवली तर मार्कंड्याला पाण्याची भिंतच जाणार, आणि दोघं खोटे असताना मी गप्प बसले तर विनाकारण जाणार. दोन्हीकडे खाली तीच माणसं होती आणि त्यांच्यात, मैत्रिणीला धरून, माझी आई.

मी स्क्रीनला चिकटून दोघांचे आकडे बघत राहिले. काही तरी खटकत होतं. पाणी चढताना सेन्सरचे आकडे कधी सारखे नसतात. एक खांब प्रवाहात, दुसरा कडेला, लाटा वेगळ्या, त्यामुळे चांगले चालणारे सेन्सरसुद्धा शेवटच्या आकड्यावर कायम भांडत असतात. हे दोघं भांडत नव्हते. दुसरा थबकला की तिसरा थबकत होता, दुसऱ्यानं बोटभर उडी मारली की त्याच क्षणी तिसराही तेवढीच मारत होता. मी पोलिसात असते तर असल्या दोन साक्षीदारांना आधी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं असतं. एकमेकांशी इतकं जुळणारं खरं नसतं, हे मला मनापासून वाटलं.

आणि वाटल्याबरोबर मी स्वतःवरच संशय घेतला. हे मला दिसतंय की मला दिसायला हवंय? पाण्यात आई नसती, अनोळखी माणसं असती, तर मी या उड्यांकडे एवढं निरखून पाहिलं असतं का? गेट उघडू नये असं माझ्या पोटातलं सगळं मला सांगत होतं. अशा वेळी माझं मत धरायचं कसं? तीन प्रोसेसर ठेवायचं कारणच हे की कुणीही दुसऱ्याच्या दबावाखाली उत्तर देऊ नये. मी तर पुरती दबावाखाली होते. मला असा माणूस हवा होता ज्याचं जत्रेत कुणी नाही, आणि असा माणूस त्या दिवशी चार तालुक्यांत सापडला नसता.

शेवटी चौकीदारभाऊंना फोन केला. त्यांनी स्क्रीन पाहिली नव्हती, तेवढं तरी बरं. सहाव्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी आहे, तिच्यावर पाणी कुठं आहे ते बघून सांगा, एवढंच म्हटलं. मशीन काय म्हणतंय ते मुद्दाम सांगितलं नाही. भोंगा ऐकून ते आधीच घाबरलेले होते. धापा टाकत निघाले. फोन चालूच ठेवला होता, त्यातून त्यांच्या चपलांचा आणि भोंग्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. पट्टीवर पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता, आकडे दिसत नव्हते. शिडीनं खाली उतरून पुसावं लागणार होतं. मी म्हटलं, उतरा, सांभाळून उतरा. मग बराच वेळ नुसता भोंगा. मग पुन्हा ते.

"मॅडम, किती पाह्यजे?"

मला आधी कळेना. मग कळलं आणि रागानं डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी आकडा विचारला तो असाच, आधी किती हवा ते ठरवून. साहेबांना आवडेल तो आकडा सांगायचा, म्हणजे दोघंही सुखी. मी म्हटलं, भाऊ, मला काहीच नको, मला काही माहीत नाही, तुम्हाला जे दिसेल तेच सांगा. ते म्हणाले, "चिखल निंगून नाई राह्यला, थांबा."

स्क्रीनवर दोन मिनिटं उरली होती. भाऊ शर्टानं पट्टी घासत होते, त्याचा खसखस आवाज येत होता. मी कपाटाजवळ जाऊन उभी राहिले. एकच आधार वाटत होता. घाटावर भोंगा वाजतोय, म्हणजे एव्हाना आई पाण्याबाहेर निघाली असेल, मैत्रिणीला पायऱ्या चढवत असेल. माझं चुकलं तरी ती बाहेर असेल. हे मनाशी धरलं, म्हणूनच हात पुढे गेला. दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानं पुन्हा एक उडी घेतली, बरोबरीनं, केसाचाही फरक नाही. मी चावी फिरवली.

भोंगा बंद पडला. एवढी शांतता झाली की मला तीच भीती वाटली. यंत्रणेनं हात वर केले होते, पुढचं सगळं माझं. गेट उचलली गेली नव्हती आणि नदी चढत असेल तर ती आता माझ्यामुळे चढत होती. मी फोन कानाला लावून भाऊ, भाऊ म्हणत राहिले. भाऊ काही बोलत नव्हते. नंतर कळलं की दोन्ही हातांनी घासता यावं म्हणून त्यांनी फोन शिडीच्या पायरीवर ठेवला होता.

मग त्यांनी आकडा सांगितला. मी पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा तोच सांगितला. पहिला प्रोसेसर, ज्याला बाजूला बसवलं होतं, तो सकाळपासून तेच म्हणत होता. नदी होती तिथंच होती.

मी खाली फरशीवर बसले. रडू आलं, ते थोपवलं नाही. मग उठून बाहेर गेले, कारण दोघं एकसारखे कसे चुकले हे कळल्याशिवाय मला ती चावी परत फिरवता येणार नव्हती. तिसऱ्या पाइपाचं झाकण उघडलं तर आत सेन्सरच नव्हता, नुसता वाळलेला गाळ. तिसऱ्याची केबल वळवून दुसऱ्या पाइपात नेलेली होती. दोन्ही सेन्सर एकाच पाइपात, एकमेकांना बिलगून, आणि दोन्ही केबली वर एकत्र बांधलेल्या. बांधायला वापरली होती जाळ्याची निळी नायलॉन दोरी, जी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या कुठल्याही घरात मिळते आणि ओली झाली की घसरते. गाठ हळूहळू सुटत होती. दोघं जण जोडीनं खाली सरकत होते. डोक्यावरचं पाणी वाढत होतं ते नदी चढली म्हणून नव्हे, ते दोघं बुडत होते म्हणून. मी बघत असतानाच दोरी आणखी थोडी सरकली.

दुपारी टेक्निशियनचा फोन लागला. मागे पाळण्याचा कर्कश आवाज येत होता. मी ओरडले नाही, नुसतं काय पाहिलं ते सांगितलं. तो म्हणाला की साहेबांना तिन्ही हिरवे पाहिजे होते, पाइप तर बुजलेला, दुसरं करणार काय. वर म्हणाला, "पन मॅडम, आकडा तं बरोबर येऊन राह्यला होता." त्याचं ते खरंच होतं. सहा आठवडे आकडा अगदी बरोबर आला होता. तिघांची जागा दोघांनी घेतली, आणि त्यातही दोघांचा मिळून एकच झाला, हे कुठल्याच दिव्यात दिसणार नव्हतं. साहेबांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, लेखी काही देऊ नका, आधी बोलू. मी त्याच दिवशी लेखी दिलं. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, माझी बदली थोडक्यात टळली. तो विषय वेगळा.

संध्याकाळी आईकडे गेले तेव्हा ती आधीच परतली होती. पाय धुऊन, चुरमुऱ्याची पुडी सोडून निवांत बसली होती. तिला धडधाकट बघून मला इतकं बरं वाटलं की मी चप्पल न काढताच तिच्याजवळ जाऊन बसले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, भोंगा वाजला तेव्हा गर्दीत चेंगराचेंगरी तर नाही झाली? पाण्यातून निघायला त्रास झाला का?

आई म्हणाली, झाली ना थोडी गडबड. पोलीस शिट्ट्या वाजवत होते, लोक लेकरं काखेत मारून पळत होते. या दोघींच्या आजूबाजूच्या बायाही निघाल्या होत्या. मैत्रीण तर रडायलाच लागली, तिचे गुडघे हलेनात.

"मंग मीच म्हटलं सगळ्याइले, काऊन घाबरता? तिथं माही पोरगी बसली हाये. ते पानी सोडन का आपल्यावर? मंग राह्यल्या बाया. सावकाश डुबक्या मारल्या साऱ्याइनं."

चुरमुऱ्याची पुडी तिनं माझ्यापुढे सरकवली. चावीवर हात ठेवताना मी ज्या एका गोष्टीला धरून होते, ती नव्हतीच. भोंगा वाजत होता, पोलीस होते, पळणारे लोक होते, एवढं सगळं "निघ" म्हणून सांगत असताना आई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि तिच्या शब्दावर आणखी किती जणी.

मी तिच्यावर ओरडले. मोठी झाल्यापासून मी आईवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका चढवला. मी एकटी होते तिथं, माझं चुकलं असतं, मला काहीही कळत नव्हतं, पुन्हा भोंगा वाजला की कुणी काहीही म्हणो, मी तिथं असो की नसो, आधी पाण्याबाहेर निघायचं. आई ऐकून घेत होती. तिचा चेहरा उतरला. पुडी बंद करून तिनं रबर लावला आणि हळूच म्हणाली,

"बरं, निंगून जाईन. पन बायाइले काय सांगू? माह्या पोरीवर माहाच भरोसा नाई म्हनून?"

"हो," मी म्हणाले. "हेच सांग."